क्लेम डाबुलिसच्या तीस काड्या

क्लेम डाबुलिसने आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं, तर तो त्या माणसाला तळघरात नेतो. विचारायचीही गरज नसते म्हणा. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा नेलंय त्याने. तिथे शेगडीच्या वर, भिंतीला, पाइनची एक पाटी टांगलेली आहे आणि तिच्यावर जळक्या काड्या ओळीने चिकटवलेल्या आहेत. आगपेटीतल्या साध्या काड्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीने साल घातलंय. पहिली १९६२ची, शेवटची १९९१ची. दर हिवाळ्याला एक. ऑक्टोबरात शेगडी पेटवायची आणि ईस्टरपर्यंत विस्तव विझू द्यायचा नाही, म्हणजे दुसरी काडी ओढायला नको. तीस हिवाळे, तीस काड्या. लोकांनी मुलं शिकवली, घरं बांधली. आमच्या क्लेमने काड्या चिकटवल्या.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा, ब्रोनेचा, नवरा. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. पेन्सिलीचं टोक मोडलं की पेन्सिल माझ्या खांद्यावरून पुढे करायचा, आणि टोक करून मिळाली की बाईंना दाखवायचा, बघा कसं छान केलंय. तेव्हाच मी ब्रोनेला सावध करायला हवं होतं. पण ती तेव्हा पहिलीत होती.

आमच्या वाडीतली घरं खाण कंपनीने बांधलेली जोडघरं आहेत. छप्पर एक, मधोमध भिंत, दोन बिऱ्हाडं. डावीकडे मी, नवरा गेल्यापासून एकटी. उजवीकडे ब्रोने आणि क्लेम. वरची भिंत विटांची आहे, पण खाली तळघरात, दोघांचे कोळशाचे साठे असतात तिथे, कंपनीने पैसे वाचवले आणि नुसत्या फळ्या ठोकल्या. त्यातली तिसरी फळी खालून सुटी आहे. ती बाजूला सरकवली की माणूस वाकून इकडून तिकडे जाऊ शकतो.

आता विस्तवाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरातला कोळसा म्हणजे शुद्ध दगड. कडक, चमकदार, हाताला काळा न लागणारा. तो सहजी पेटत नाही, आणि एकदा पेटला की सहजी विझतही नाही, फक्त माणसाने मध्येमध्ये लुडबुड करता कामा नये. सकाळ-संध्याकाळ खालून जाळी हलवायची, राख पडू द्यायची. लाल निखारा राखेत टपकला की थांबायचं. वरून नवा कोळसा घालायचा, निळ्या ज्योती दिसू लागल्या की झडप लावायची आणि आपल्या कामाला जायचं. एवढंच. वरून सळई मात्र खुपसायची नाही. लाकडाचा विस्तव ढोसला की भडकतो, हा ढोसला की मरतो. खालची राख वर येते, हवा कोंडते आणि पाच-सहा तासांत सगळं काळंठिक्कर. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

क्लेमलाही ठाऊक आहे. दुसऱ्याला सांगताना तर तो अगदी मास्तर होतो. पण बंबखान्यातल्या, म्हणजे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या, बारमध्ये दोन बिअर पोटात गेल्या की त्याला आपल्या विस्तवाचा उमाळा येतो. घरी येतो, टोपी न काढता खाली जातो, शेगडीचं दार उघडतो आणि सळई घेऊन ढोसत बसतो. बरोबर कुणी असलं तर विचारूच नका. मग समाधानाने वर जाऊन झोपतो. सकाळी सहापर्यंत शेगडी थंड.

पहिल्यांदा असं झालं ते १९६२च्या डिसेंबरात. मी माझी जाळी हलवत होते तर फळीवर टकटक झाली. फळी सरकवली तर पलीकडे ब्रोने, रडून डोळे सुजलेले. क्लेमने आदल्याच दिवशी बंबखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं की यंदा एका काडीत हिवाळा काढणार.

"विझला ताई," ती म्हणाली. "तो उठायच्या आत काहीतरी कर."

"मी काय करू? काडी ओढ आणि पेटव."

"काडी कशी ओढू? एकच म्हटलंय ना त्याने. खोटं होईल ते." मग माझ्या शेगडीकडे बघत म्हणाली, "तुझ्यातले थोडे निखारे दे. निखारे नेले तर काडी एकच राहते."

माझ्या बहिणीची सदसद्विवेकबुद्धी ही अशी चालते. मी बादलीत लाल निखारे काढून दिले. ती वाकून पलीकडे गेली, जाळी साफ केली, लाकडाच्या ढलप्यांवर निखारे ओतले, वर कोळसा पसरला. साडेसातला क्लेम खाली आला तेव्हा घर ऊबदार होतं. त्याने शेगडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बघ, कसा धरलाय." फळीच्या फटीतून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, "हो."

त्यानंतर दर हिवाळ्यात चार वेळा, एखाद्या वाईट वर्षी सात वेळा. तीन टकटक, बादली, आणि मग ब्रोने तशीच शर्टांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर आठ तास बसायला जायची. तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालते. दर वेळी मी म्हणायचे, सांग त्याला एकदा. दर वेळी ती म्हणायची, "जाऊ दे ना ताई. खाण बंद पडल्यापासून तेवढंच आहे त्याला."

खाण बंद पडली तेव्हा क्लेम सव्वीस वर्षांचा होता. पुढे त्याने शाळेच्या इमारतीची झाडलोट केली, गेल्या वर्षी निवृत्त झाला. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण खाण या वाडीतल्या सगळ्यांचीच बंद पडली. माझ्या नवऱ्याची तर आधी फुप्फुसं बंद पडली. सगळ्यांनी काही भिंतीवर पाट्या नाही ठोकल्या.

माझा विस्तव कधी विझला नाही हे आपलं जाता जाता सांगते. मी काड्या चिकटवल्या नाहीत, इतकंच.

तर गेल्या नोव्हेंबरात लॉरेटाचा फोन आला. लॉरेटा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, ओहायोत टोलेडोला असते. तिला दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्या. आता डॉक्टरने तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं, आणि नवरा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. तिने आईला म्हटलं, नाताळ झाला की ये आणि बाळ होईपर्यंत राहा. बाळ मार्चअखेर व्हायचं होतं.

रविवारी जेवायला मी त्यांच्याकडेच होते. ब्रोनेने कुगेलिस केलं होतं, बटाटा किसून, वर बेकनचे तुकडे घालून. क्लेमने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पुसून खाल्लं, आणि मग म्हणाला, "आणि विस्तवाचं काय?"

मी म्हटलं, "विस्तव तर तू सांभाळतोस ना?"

"सांभाळतो म्हणजे? तीस वर्षं सांभाळतोय."

"मग ब्रोने टोलेडोला असली काय आणि चंद्रावर असली काय, विस्तवाला काय त्याचं?"

ब्रोनेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"तुला नाही कळायचं ताई," तो म्हणाला. "विस्तव असलेल्या घरात दोन माणसं लागतात. एक बाहेर गेलं तर दुसरं घरात हवं."

"तू बाहेर म्हणजे बारमध्येच जाणार. टोलेडोला तुझी पोरगी अंथरुणाला खिळून पडली आहे."

"पोरीला माझा विरोध नाही," तो म्हणाला, आणि कॉफी मागितली. ब्रोने उठली आणि दिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, मी नाही जात. मी तिला पोटभर बोलून घेतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली, मग म्हणाली, "ताई, तो विझवणार. विझला की तासाभरात मला फोन करणार, पाइप गोठतील म्हणणार. आणि मी पहिली बस पकडून येणार. मला माहितीये, मी येणारच. आणि मी निघाल्यावर ती उठली, काही झालं, तर? त्यापेक्षा जातच नाही."

"फोन आला तरी यायचं नाही. एवढं साधं आहे."

"तुला साधं आहे," ती म्हणाली. मग बराच वेळ टेबलावरचा कपडा सारखा करत बसली. "तू विझू देऊ नकोस. तेवढी शपथ घे, मग मी जाते."

ज्या माणसाची बढाई ऐकून तीस वर्षं माझे कान किटले होते, त्याचाच विस्तव राखायची शपथ मी आईच्या नावाने घेतली. पोरीसाठी घेतली. लॉरेटाला मी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. क्लेमसाठी मी आगपेटीसुद्धा उचलली नसती.

ब्रोने नाताळानंतर दोन दिवसांनी गेली. जाताना त्याच्या जेवणाचंही माझ्याच गळ्यात घातलं. पहिल्याच आठवड्यात फळ्यांतून सळईचा आवाज आला आणि सकाळी सहाला मी, साठीला आलेली बाई, गुडघे मोडत फळीखालून पलीकडे गेले. जानेवारीच्या पंचवीस तारखेपर्यंत चार वेळा. वर क्लेम घोरत असायचा. निदान मला घोरणं ऐकू यायचं. साडेसातला तो त्याच्या ओट्यावर येऊन उभा राहायचा आणि मी माझ्या पायऱ्यांवर राख टाकत असले की म्हणायचा, "काय ताई? ब्रोने नाही तरी धरलाय बघ. बायको घरात असो नसो, विस्तव ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातात असतो."

तळपायाची आग मस्तकात जायची. पण सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला ब्रोनेचा फोन यायचा, आणि फोन झाला की तो मला ओरडून सांगायचा की लॉरेटाचा एकोणतिसावा आठवडा संपला, तिसावा लागला. म्हणून मी तोंड मिटून राख टाकत राहायचे.

मग सव्वीस तारखेचा तो रविवार उजाडला. पारा शून्याच्या खाली गेला होता. क्लेमला तिसावी काडी साजरी करायची होती. बंबखान्याचे सहा-सात जण दुपारी तळघरात जमले, बंबखान्याचा अध्यक्ष यूजीनही होता. बॉयलो तापवलं होतं, व्हिस्कीत मध आणि संत्री घालून. तेही मीच करून दिलेलं. फळ्यांच्या अलीकडून मी सगळं ऐकत होते. क्लेम म्हणाला, "आता बघा निळ्या ज्योती," आणि सळईचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. मध्येच यूजीन म्हणाला, "अरे वरून कशाला ढोसतोस?" तर हा म्हणतो, "तुमच्यासाठी नसतं ते. ज्याला जमतं त्याने ढोसावं."

संध्याकाळी मी त्याचं जेवण घेऊन निघाले. कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून केलेल्या हालुप्की, भरलं पातेलं. आमच्याकडे हिवाळ्यात राखेचा एक उपयोग असतो, ती बर्फावर टाकायची म्हणजे पाय घसरत नाही. माझ्या पायऱ्या राखेने करड्या झालेल्या असतात. क्लेमची राख मागच्या अंगणात डब्यात साठत होती, कारण पायऱ्यांवर राख ब्रोने टाकते. त्याच्या दुसऱ्याच पायरीवर माझा पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

यूजीन अजून तिथेच होता. त्याने मला गाडीत घालून इस्पितळात नेलं, मनगटाला प्लास्टर घालून परत आणून सोडलं. क्लेमने पातेलं उचललं. नंतर मला मोठ्या समाधानाने म्हणाला, अर्ध्याअधिक वाचल्या.

सोमवारी सकाळी सहाला त्याची शेगडी थंड होती, हे सांगायला नकोच. माझा हात छातीशी बांधलेला. ठणका असा की बोलायची सोय नाही. पण दोन तासांनी फोन येणार होता, आणि तोवर घर गार पडलेलं असलं तर हा काय बोलणार ते मला पाठ होतं. डाव्या हाताने निखारे काढले, डाव्या हाताने बादली धरली, फळी पायाने सरकवली. वाकले तशी बादली फळीला आपटली आणि निम्मे निखारे त्याच्या तळघरात फरशीवर सांडले. लालभडक, गडगडत ढलप्यांच्या ढिगाकडे निघाले. मी चपलेने ते मागे लोटू लागले. लोकर जळल्याचा वास आला, माझ्याच मोज्याचा.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"सावकाश, ताई. ब्रोने कधी सांडत नाही."

मी वर पाहिलं. क्लेम चौथ्या पायरीवर उभा होता. अंगाभोवती पांघरूण, पायात जाड मोजे, हातात काही नाही.

मी आधी निखारे गोळा केले. मग विचारलं, "काय म्हणालास?"

"म्हटलं सावकाश. आग लागेल."

"ब्रोने सांडत नाही हे तुला कसं ठाऊक?"

 तो पायरीवर बसला. "अगं, घर माझंच आहे. फळी सरकते, बादली वाजते. झोपलेल्या माणसालाही ऐकू येतं."

"किती वर्षं ऐकू येतंय?"

त्याने हनुवटी खाजवली. "पहिल्यापासून."

मी तीस वर्षं त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख माणसाचा राग येतो, पण त्याला थोडी सूट देता येते. बिचाऱ्याला कळत नाही, आपण तरी काय करणार. ती सूट देत मी तीस वर्षं तोंड बंद ठेवलं. आणि हा वर गादीत जागा पडलेला असायचा. फळी ऐकायचा, बादली ऐकायचा, तिचं कण्हणं ऐकायचा आणि घर तापायची वाट बघायचा. मग खाली येऊन तिलाच म्हणायचा, बघ कसा धरलाय.

"मग कधी उठला का नाहीस?" मी विचारलं.

"ती उठायचीच की," तो म्हणाला.

हे त्याने अगदी सरळ सांगितलं, सूर्य उगवतो म्हणतात तसं.

मी उरलेले निखारे बादलीत भरले, फळीखालून माझ्याकडे आणले आणि माझ्या शेगडीत परत टाकले. पलीकडून तो म्हणाला, "अगं, हे काय? पाइप गोठतील. मग मला ब्रोनेला बोलवावं लागेल."

"बोलव," मी फळीतून डोकं काढून म्हटलं. "तू फोनला हात लावलास की मी ही पाटी काखोटीला मारून बंबखान्यात जाते. यूजीनच्या समोर बारवर ठेवते आणि एकेक काडीचा इतिहास सांगते."

"तू असं नाही करणार."

"हात मोडलाय माझा. जीभ शाबूत आहे."

आठ वाजता फोन वाजला तेव्हा मी त्याच्या स्वयंपाकघरात उभी होते. तोंडातून वाफ निघत होती. नळाची धार सुतासारखी बारीक झाली होती. क्लेमने फोन उचलला. ब्रोने फोनवर मोठ्याने बोलते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. लॉरेटाला आदल्या दिवशी कळा आल्या होत्या. इंजेक्शन देऊन थांबवल्या. डॉक्टर म्हणत होते, अजून चार आठवडे निघाले तर बाळ वाचेल, हलायचं नाही, ताण घ्यायचा नाही.  आणि तेवढ्यातही तिने विचारलं, "विस्तव कसा आहे?"

क्लेमने माझ्याकडे पाहिलं. मी पाटी खालून काढून आणलेलीच होती, डाव्या काखेत होती.

"मस्त आहे," तो म्हणाला. "निळ्या ज्योती."

"खरंच?"

"खरंच. तू राहा तिकडे. लागतील तेवढे दिवस राहा."

तीस वर्षं हा माणूस खोटं बोलला, त्यातलं एवढं एकच खोटं कुणाच्या तरी उपयोगी पडलं. त्याचं श्रेय मी त्याला देत नाही. ते पाटीचं.

मग तो शेगडी पेटवायला बसला आणि मी जिन्यावर बसून बघत राहिले. पहिली काडी त्याने सरळ कोळशाला लावली. दगडाला काडी लावल्यासारखंच ते. दुसरी आणि तिसरी वर्तमानपत्राला लावली, वर लगेच बादलीभर कोळसा ओतला, सगळं गुदमरलं. चौथी काडी मोडली. दर ऑक्टोबरात तो काडी ओढायचा ती ब्रोनेने आधीच रचून ठेवलेल्या ढलप्यांवर, हे मला तेव्हा कळलं.

"सांग ना काय करू," तो म्हणाला.

"तुला मी काय सांगायचं? ज्याला जमतं त्याने पेटवावा."

सातव्या काडीला त्याचं बोट भाजलं. आठवी विझली. नववीही. तो गुडघ्यांवर बसून जाळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला येत नाही."

खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग सांगितलं. राख पूर्ण काढ. कागद, त्यावर बारीक ढलप्या, त्यावर जाड. खालचं दार उघडं ठेव. लाकूड लाल झालं की मूठभर कोळसा, मग थांब. थांब म्हटलं ना. मग आणखी मूठभर. अकराव्या काडीला पेटलं. फरशीवरच्या अकराही काड्या मी गोळा करून ॲप्रनच्या खिशात टाकल्या, आणि सळई माझ्याकडे घेऊन आले. पाटी त्याने पुन्हा जागेवर टांगली. मी टांगू दिली. फेब्रुवारीभर त्याचा विस्तव विझला नाही. सळई नव्हती ना घरात.

सत्तावीस फेब्रुवारीला लॉरेटाला मुलगी झाली. पाच पौंडांची, पण रडते झकास म्हणे. मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात बसून रडले, एकटीच.

ब्रोने मार्चच्या मध्यावर परत आली. यूजीनने तिला बसवरून आणलं. कोट काढायच्या आत क्लेम तिला तळघरात घेऊन गेला, मीही मागोमाग गेले. शेगडी तापलेली होती. क्लेमने पाटीकडे बोट केलं, माझ्यादेखत, आणि म्हणाला, "बघ. तू नव्हतीस तरी एकच काडी."

"हो," ब्रोने म्हणाली.

मी खिशातून अकरा काड्या काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. आणि सगळं सांगितलं. सव्वीस तारखेची पार्टी, सळई, सोमवारची सकाळ, जिना. तो पहिल्यापासून जागा असायचा हे दोनदा सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. क्लेम शेगडीच्या झडपेशी उगाच चाळा करत उभा होता. ब्रोने काड्यांकडे बघत होती. एकेक उलटून बघितली. मी वाट पाहत होते. तिने त्या त्याच्या तोंडावर फेकाव्यात, रडावं, पाटी शेगडीत घालावी, काहीही करावं. तीस वर्षं मी या क्षणासाठी निखारे दिले होते असं मला त्या वेळी वाटलं.

तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "हात नाही ना भाजला तुझा?"

माझा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला, तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. घरात आल्यापासून तिने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"जरासा," क्लेम म्हणाला. "इथे, अंगठ्याला." आणि तिने बाही वर सारली, तिच्या त्या डागांनी भरलेल्या हातात त्याचा अंगठा धरला आणि दिव्याखाली नेऊन बघू लागली. दीड महिन्यापूर्वीचं भाजलेलं. तिथे काहीही दिसत नव्हतं.

मी घरी आले. त्याची सळई फळीखालून पलीकडे ढकलून दिली. मग हातोडी शोधली आणि तिसऱ्या फळीला खाली चार खिळे ठोकले. डाव्या हाताने ठोकले, वाकडे गेले, पण बसले.

आठवड्याने, सकाळी सहाला, फळीवर तीन टकटक झाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तीन. "ताई," ब्रोने हळूच म्हणाली, "फळी सरकत नाहीये."

"आगपेटी वर कपाटात आहे," मी म्हटलं. "ती घ्यायला त्याला पाठव. जागाच आहे तो."

मी माझी जाळी हलवली, राख काढली, कोळसा घातला आणि कॉफी ठेवायला वर गेले.